किती चादरींची थंडी

“रशियाला दोन चादरी पुरतात, कॅनडाला तीन लागतात!” नरसय्या भाच्यावर ओरडला. सगळा जन्म सोलापुरात मागावर गेलेला, त्यामुळं कुठल्याही देशाची थंडी तो चादरींत मोजायचा.

रशियात शिकून आलेला सत्तय्या हसला. “मामा, सायबेरिया काय, कॅनडा काय, आतल्या मुलखात गारठा सारखाच. पण घरं उबदार. सदराही नको वाटतो. कुडकुडलो ते काल इथंच. आणि मामी पोतं पांघरून? विणकराच्या घरात?”

“घरात एकच चादर. एरवी ती मामांची, काल तुला दिली की,” मागासाठी सुताच्या कांड्या भरत मामी लच्चव्वा म्हणाली. “बाकीच्या विकायच्या असतात.”

नरसय्याला भाच्याकडं बघवेना. बायकोच्या अंगावरचं पोतं त्यानं रोज पाहिलं होतं. मान खाली घालूनच त्यानं सांगितलं, “मागावरची चादर विकायची नाही. ती हिची.”