नाहानीला जाताना वजन खरं सांगा

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे कोणी रुमाल शोधायला नको. मी नवऱ्याची अपुरी राहिलेली इच्छा पूर्ण करायला कॅनडाला गेले नव्हते. मी चिडून गेले होते.

आमचे हे केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये असताना कुठल्याशा मासिकात त्यांनी नाहानीबद्दल वाचलं. कॅनडाच्या पार उत्तरेला एक राष्ट्रीय उद्यान, त्यात नायगाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीचा धबधबा, आणि तिथे जायला रस्ताच नाही. पाण्यावर उतरणारं छोटं विमान हाच मार्ग. त्याच दिवशी त्यांनी फाईल उघडली. रिटायर होऊन आम्ही द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आलो तरी फाईल चालूच. नकाशे, अंतरं, विमानातल्या वजनांचा तक्ता. दर वर्षी मी विचारायची, "मग या जुलैत?" आणि दर वर्षी एकच उत्तर, "वाटेतल्या फेरीबोटीची वेळ अजून कन्फर्म नाही, मंदा." तीन वर्षांपूर्वी ते गेले. बोटीची वेळ कन्फर्म व्हायची राहूनच गेली.

मागच्या हिवाळ्यात कपाट आवरताना फाईल हाती लागली. माझं शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी मी ह्यांची पुस्तकं आणि डिक्शनरी घेऊन बसून शिकले, त्यामुळे हळू वाचते, पण काही सोडत नाही. चार दुपारी लागल्या. शेवटचं पान उलटलं तेव्हा असा संताप आला की काय सांगू. सगळं तयार होतं. फक्त निघायचं राहिलं होतं.

ह्यांच्या थोरल्या बहिणीला फोन केला. शालिनीताई, मी त्यांना वन्सं म्हणते. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं, आणि अजूनही समोरचा माणूस तिसरीतला आहे असं धरूनच बोलतात.

"नाहानी? न्हाणीघर बघायला इतक्या लांब जायचं?" त्या म्हणाल्या. मग लगेच, "पण माझ्या भावाला जायचं होतं ना तिथे. मी येतेय."

येऊ का म्हणून विचारलं नव्हतं. येतेय म्हणून कळवलं होतं.

आता कामाचं सांगते. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन: दोन बिछाने, शेगडी, फ्रीज, संडास. कॅनडात एडमंटन शहरी उतरलं की भाड्याने मिळते. दिल्लीच्या लायसन्सवर आर.टी.ओ.कडून इंटरनॅशनल परमिट काढून घ्यावं. काउंटरवरच्या माणसाने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, "आंटी, खुद चलाओगी?" म्हटलं, "बारा वर्षं धौला कुआँच्या ट्रॅफिकमधून गाडी काढतेय भैया, तिकडे तर सगळे लेनमध्ये चालतात." व्हिसासाठी चार महिने हातात ठेवा. भाड्याचा करार शब्द न शब्द वाचा. आमच्या करारात खडीच्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई होती आणि शेवटचा मोठा टप्पा खडीचाच आहे. लेखी परवानगी आणि थोडे जास्तीचे पैसे, एवढ्यावर भागलं. विमानाच्या एका सीटला लाखाच्या आसपास पडतात. मी एक एफ.डी. मोडली.

सोसायटीतल्या चड्ढा आंटींना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "भाभीजी, गाड़ी लेके जा रहे हो, और वहाँ सड़क ही नहीं है?"

विमान कंपनीचा फॉर्म द्वारकेत बसून भरला. प्रत्येक प्रवाशाचं वजन विचारलं होतं. ह्यांच्या तक्त्यात 'सौ. – ५८ किलो' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. मी तेच उतरवलं. वन्संना फोनवर विचारलं तर "छप्पन लिही." इतक्या झटक्यात उत्तर आलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

विमान सुटतं ते गाव फोर्ट सिम्प्सन, एडमंटनहून साधारण दीड हजार किलोमीटर, आम्ही तीन दिवसांत केलं. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना शेतं, दुसऱ्या दिवशी झाडं, तिसऱ्या दिवशीही झाडं. हॉर्न कोणी वाजवत नाही. पहिल्या वळणावर मी सवयीने वाजवला तर समोरचा ट्रकवाला काळजीने थांबून "सगळं ठीक ना?" म्हणून विचारून गेला. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी भरलेली असली तरी. खाण्याचं म्हणाल तर वन्संनी थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि चकल्या एवढ्या आणल्या होत्या की उत्तर ध्रुवापर्यंत पुरल्या असत्या.

ब्लॉगवाले एक गोष्ट लिहीत नाहीत, ती मी लिहिते. आर.व्ही.च्या पोटात मैल्याची टाकी असते, ती दर दोन-तीन दिवसांनी पाईप जोडून रिकामी करावी लागते. रबरी हातमोजे घ्या. पहिल्या खेपेला वन्सं पदराने नाक दाबून दहा फुटांवरून सूचना देत होत्या. "डावीकडे फिरव. अगं, डावीकडे!" उजवीकडेच फिरवायचं होतं.

फोर्ट सिम्प्सनच्या अलीकडे लियार्ड नदी लागते. फेरीबोट गाडीसकट पलीकडे नेते, फुकट. मी बोटीवरच्या माणसाला वेळ विचारली. तो म्हणाला, वेळ कसली, सकाळपासून उशिरापर्यंत गाडी आली की आम्ही निघतो. मला हसू आवरेना. वन्संनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्याही हसल्या, आणि मग म्हणाल्या, "तरी एक पत्र टाकून विचारायला काय जात होतं त्याला?"

आमच्या हाताशी मोजके दिवस होते. विमानाची तारीख पहिल्या दिवसाची घेतली होती. पहिल्या दिवशी जंगलातल्या वणव्याचा धूर, उड्डाण रद्द. दुसऱ्या दिवशी धूर, रद्द. तुम्ही जाल तर इथे चार दिवस मोकळे ठेवा. आमच्याकडे फक्त तिसरा दिवस उरला होता. त्यानंतरही थांबलो असतो तर गाडी परत करायची मुदत आणि दिल्लीचं विमान दोन्ही चुकलं असतं.

तिसऱ्या दिवशी आकाश उघडलं. नदीकाठी धक्क्यावर विमान, पायलट आणि ऑन्टॅरिओचं एक म्हातारं जोडपं. शेजारी काटा. जोडप्याचं वजन फॉर्मप्रमाणे बरोब्बर. मी चढले: एकोणसत्तर. वन्सं चढल्या: बाहत्तर.

पायलटने फॉर्म पुन्हा वाचला. वन्संनी शाल काढली, स्वेटर काढला, खांद्यावरच्या पिशवीतून चकल्यांचा डबा काढला. काटा सत्तरच्या खाली यायला तयार नाही.

तो शांतपणे बोलला. परत धूर आला तर दुसरीकडे उतरता यावं म्हणून आज इंधन जास्त घेतलंय. तुम्ही दिलेल्या वजनांत बसत होतं, या वजनांत नाही. तुमच्यापैकी एकच. पाच मिनिटांत ठरवा.

"मी जाते," वन्सं म्हणाल्या.

"का म्हणून?"

"तुझा नवरा होता चाळीस वर्षं. माझा भाऊ होता सदुसष्ट वर्षं."

"आणि दीड हजार किलोमीटर गाडी कोणी चालवली? टाकी कोणी उपसली?"

"हे असलं काढायचं आता? मोठी आहे मी तुझ्याहून."

"म्हणूनच तर वजन जास्त आहे."

हे मी बोलले. परत घेता आलं असतं, पण घेतलं नाही. विमानात चढले आणि पट्टा लावला. खिडकीतून वन्सं दिसत होत्या, हातात चकल्यांचा डबा, पाठ माझ्याकडे.

तासाभराचं उड्डाण. खाली करवतीसारखे डोंगर, नदीच्या वळशांवर वळसे, आणि घर एकही नाही. मग विमान पाण्यावर उतरलं. लाकडी फळ्यांच्या वाटेने आम्ही धबधब्यापर्यंत चाललो. मध्ये एक मोठा सुळका आहे, तो पाणी दोन्हीकडे फाकवतो. पायाखालचा खडक थरथरत होता, तोंडावर तुषार. मी उभी राहिले, मग बसले, मग पाव खाल्ला. ऑन्टॅरिओच्या बाईंनी माझा फोटो काढला. त्यात माझं तोंड उघडं आहे.

परत आले तेव्हा वन्सं धक्क्यावरच बसलेल्या होत्या. त्यांनी विचारलं ते एवढंच, "खूप आठवण आली असेल ना त्याची तिथे?"

मी खोटं बोलू शकले असते. ते सोपं होतं, आणि त्यांना बरंही वाटलं असतं.

"नाही आली, वन्सं. एकदाही नाही. तिथे मी त्यांना साफ विसरले होते."

"मग माझी जागा कशाला घेतलीस?"

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागले.

परतीच्या वाटेवर दोन दिवस वन्सं मागच्या बिछान्यावर बसून राहिल्या. पुढे आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पाईप जोडायला उतरले तर त्या मागोमाग उतरल्या, दुसरा हातमोजा चढवला आणि म्हणाल्या, "सरक. एकटीने काय काय करशील." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. एडमंटनला गाडी परत करताना मात्र त्यांनी माझ्या फोनमधला तो उघड्या तोंडाचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला. माझ्या चेहऱ्यामागचं पाणी बघत होत्या.

लोक विचारतात, एवढा खर्च, एवढी दगदग, जावं का? जा. विमानाची जागा आधी पक्की करा, आर.व्ही. नंतर. वजन काट्यावर करून लिहा. आणि सोबत असा माणूस न्या ज्याच्याशी भांडून परत तीन दिवस एका खोलीत राहता येईल.

द्वारकेला पोचले तेव्हा घरात धूळ होती आणि फ्रीज बंद होता. बॅगा ठेवल्या, पंखा लावला आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, तो धबधबा ना..."

थांबले. मग म्हटलं, घरात कोणी नाही तर लाज कोणाची? खुर्ची ओढली आणि ह्यांना सगळं सांगितलं. खडक, तुषार, पाव, वन्संना काय बोलले ते. शेवटी, ह्यांना तिथे विसरले होते तेही सांगितलं. मग चहा टाकला.