दाराची पुट्टी

तेव्हा उल्हासनगरच्या गॅरेजात आम्ही तिघंच होतो. मी, पाय मोडून कुबडी घेतलेले आमचे हे, आणि डेंटिंगवाला लछूशेठ. काल शेजारी कपाटाला पुट्टी घासत होते, त्या वासानं सगळं समोर आलं.

ट्रकनं आमच्या जुन्या गाडीचं दार चेपलं होतं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या बायका आमच्याच गाडीनं कामाला जायच्या. सोमवारी गाडी नसती, तर त्यांनी दुसरी धरली असती. पैसे पत्रा ठोकण्यापुरतेच होते. मी म्हटलं, "पुट्टी मी घासते. घासायचा कागद द्या."

शेठ हसला. "मौसी, ये चूल्हा नहीं है."

"चूल कुठंय? भुई समज. जन्मभर सारवलीय मी."

ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, माझी लाज वाटली. आता कळतं, त्यांना स्वतःच्या पायाची वाटत होती.

दिवसभर पाणी मारून घासलं, बोटं सोलली. शेठ म्हणाला, "बस, हो गया." मी डोळे मिटून तळवा फिरवला. "इथं खड्डा आहे." त्यानं हात लावून बघितला आणि परत पुट्टी कालवली.

सोमवारी बदलीचा ड्रायव्हर गाडीतून बायकांना घेऊन गेला.

वाचणाऱ्यांनो, घरातल्या बाईनं हत्यार मागितलं तर द्या. हसू नका.