शेवटच्या डावाचा डेलानो

एका मैदानाच्या कडेला सलग उन्हाळाभर बसलं की किस्से आपोआप साचतात. सायकलच्या बास्केटमध्ये झाडाची पानं साचतात ना, तसे. कुणी मुद्दाम टाकत नाही, पण बघावं तेव्हा भरलेली!

माझी अडचण वेगळीच आहे. हे किस्से घडत होते तेव्हा नक्की काय घडतंय हे मला कळत नव्हतं. आताही सगळं कळलंय असा माझा दावा नाही.

सुरुवात नवऱ्यापासून करते. अभिजित लग्नाआधी प्रोजेक्टवर अमेरिकेत होता आणि तिथून येताना बेसबॉलचं वेड घेऊन आला. पुढे आम्ही नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो, दोघांचीही ऑफिसं अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात. मला वाटलं, चला, इथे तरी सुटले! पण याने घरापासून सायकलच्या अंतरावर क्लब शोधून काढलाच. डच लोक बेसबॉलला ‘हाँकबाल’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हॉर्न वाजवायचा काहीतरी प्रकार असणार!

*

पहिल्या मॅचला अभिजितने मला टीमच्या पिचरांची ओळख करून दिली. पिचर म्हणजे आपला बॉलर.

“सुरुवात करणारा एक, मधे दोन-तीन, आणि मॅच जिंकत आलो की सगळ्यात शेवटी येतो तो क्लोजर. तो येऊन दार लावून घेतो.”

“यातला सगळ्यात भारी कोण?”

“क्लोजर.”

“मग त्याला आधीच का नाही आणत?”

“आधी आणला तर शेवटी कोण?”

“शेवटी लागेलच कशाला कुणी? आधीच जिंकू की!”

अभिजितने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “तू कॉफी पी.”

शेवटच्या इनिंगला आम्ही चांगले पुढे होतो आणि क्लोजर आला. नाव डेलानो. मूळचा कॅरिबियनमधल्या कुरसाव बेटावरचा, उंचापुरा. स्पीकरवर त्याचं गाणं वाजलं, लोक उभे राहिले. नवरदेव मांडवात यावा तसा आला हो! आणि माझी कॉफी संपायच्या आत आम्ही हरलोसुद्धा.

सायकलची कुलपं काढताना मी हळूच विचारलं, “तो दार लावायला आला होता ना?”

“हो.”

“मग?”

“चौकटीसकट घेऊन गेला!”

*

डेलानोचं दुखणं काय ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते. पिचरने चार बॉल बाहेर टाकले की समोरचा बॅटर बॅट खाली ठेवतो आणि चालत पहिल्या बेसवर, म्हणजे मैदानातल्या पांढऱ्या पिशवीवर, जाऊन उभा राहतो. फुकटात! बाहेर गेलेल्याला नुसतं ‘बॉल’ म्हणतात, सरळ आलेल्याला किंवा बॅटरचा हुकलेल्याला ‘स्ट्राइक’, आणि तीन स्ट्राइक झाले की बॅटर आऊट. डेलानोच्या बॉलला वेग जबरदस्त होता. सरावाच्या वेळी सगळे सरळ जायचे. मॅचमध्ये मात्र डावीकडे, उजवीकडे, डोक्यावरून. असे तीन फुकटे तीन बेसवर उभे राहिले की चौथ्यासाठी जागाच उरत नाही, आणि समोरच्यांना घरबसल्या रन मिळतो.

बाकीचे पिचरही एकेक नमुनेच होते. मधल्या इनिंगचा भरवशाचा पिचर वाखनिंगनच्या शेतकी विद्यापीठात टोमॅटोवर पीएचडी करत होता. अभिजितच्या मते टीममध्ये शांत डोक्याचा तो एकटाच. एकदा तो छान टाकत असताना कोच अचानक मैदानात गेला, त्याच्या हातून बॉल घेतला, आणि हा टोमॅटोवाला जो तडक पळाला तो थेट पार्किंगमध्ये! गाडी सुरू झाल्याचा आवाजही आम्ही ऐकला.

मी म्हटलं, “अरे बापरे, इतका राग?”

अभिजित चौकशी करून आला. तोंड पडलेलं. “राग नाही गं. त्याच्या ग्रीनहाऊसचा अलार्म वाजलाय. टोमॅटोंना ताप आलाय!”

त्या दिवशी डेलानोला दोन इनिंग आधीच आणावं लागलं. निकाल सांगत नाही.

*

आमच्या बाकावर विम नावाचे आजोबा बसायचे. पूर्वी ट्राम चालवायचे, आणि ट्राममधून उतरले की सरळ या मैदानावर यायचे. रिटायर झाल्यावर फक्त मैदान उरलं.

डेलानो आला की विम उठायचे आणि मैदानाकडे पाठ करून पार्किंगकडे बघत उभे राहायचे. मला वाटलं, हा निषेध आहे. एकदा न राहवून विचारलं.

“निषेध कसला? मला बघवत नाही! हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ताण घेऊ नका.” मग म्हणाले, “तूच सांग बरं, काय चाललंय?”

मी? बरं, म्हटलं सांगते.

“टाकला. त्याने मारला नाही.”

“बॉल की स्ट्राइक?”

“बॉलच आहे. पांढरा.”

विमनी डोळे मिटले. “अंपायरने हात वर केला का?”

“त्याने नाक पुसलं.”

“पुढे?”

“आता मारला. एक जण पळतोय. दुसराही पळतोय. धूळ उडाली. कुणीतरी पडलं. आता सगळे हात मिळवतायत.”

“म्हणजे संपली? कोण जिंकलं?”

“हसतायत सगळे.”

“कोणत्या रंगाचे?”

“दोन्ही!”

विम गर्रकन वळले. “या बाईपेक्षा बघितलेलं परवडलं!” त्यानंतर त्यांनी मैदानाकडे पाठ म्हणून केली नाही. तब्येत उत्तम आहे.

*

आमची इरा सहा वर्षांची. मराठीत विचारलेल्याला डचमध्ये उत्तर देते. इथे प्रत्येक मुलाला पोहण्याचा डिप्लोमा काढावाच लागतो, आणि त्यात पाण्याखाली सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून आरपार जायचं असतं. इरा त्या भोकाला इतकी घाबरायची की क्लासच्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागायचं. वर्गातली मुलं पुढे गेली, ही एकटी मागे राहिली. मलाही रडू यायचं.

मग तिच्या ग्रुपला नवे सर आले. पालकांना आत सोडतात त्या दिवशी, बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून आम्ही काठावर गेलो, आणि अभिजितने माझा दंड धरला. “सुखदा, डेलानो!”

तोच होता. कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून इराला सांगत होता, “घाई नाही. आज जायचं नसेल तर नको जाऊ. मी इथेच आहे.” इतका शांत माणूस मी जन्मात बघितला नाही. इराने त्याच्याकडे बघितलं, नाक धरलं, आणि गेली की हो आरपार! पलीकडे वर येऊन ओरडली, “आई, मी गेले!” चक्क मराठीत!

मी डोळे पुसतेय, आणि अभिजित डेलानोला विचारतोय, “इथे तुम्ही इतके शांत, मग शेवटच्या इनिंगला काय होतं?”

मला तर तिथेच बुडी मारावीशी वाटली.

डेलानो हसला. “इथे समोर कुणी बॅट घेऊन उभं नसतं!”

*

जुलैमध्ये नाशिकहून माझे सासरे आले. बाबा त्यांच्या तरुणपणी क्लब क्रिकेटमध्ये ऑफस्पिन टाकायचे. पहिल्या मॅचला पुढे सरकून दोन-तीन बॅटर नीट बघितले आणि मग म्हणाले, “अभि, हे लोक टप्पाच पाडत नाहीत! टप्प्याशिवाय बॅट्समन फसणार कसा?”

मॅच संपल्यावर ते थेट डेलानोकडे गेले. बाबांना डच येत नाही, डेलानोला मराठी येत नाही. बाबांनी कँटीनमधलं संत्रं उचललं आणि ग्रिप दाखवली. डेलानो मान डोलावत होता. शेवटी दोघांनी ते संत्रं अर्धं अर्धं खाल्लं.

पुढच्या शनिवारी, मॅच ऐन रंगात असताना, डेलानोने एक बॉल असा टाकला की तो बॅटरच्या पायाशी टप्पा खाऊन, कीपरला चुकवून, पार मागच्या जाळीत. इकडे तिसऱ्या बेसवरचा आरामात शेवटच्या, ‘होम’ बेसवर पोचला आणि त्यांना रन मिळाला. सगळं मैदान कपाळाला हात लावून बसलं.

आणि त्या शांततेत बाबा उभे राहिले. “वा रे पठ्ठ्या! यॉर्कर!”

*

अभिजितची मतं दिवसेंदिवस वाढत चालली. डेलानोला शेवटी नको, मधे आणा. टोमॅटोवाल्याला शेवटी न्या. विश्रांती द्या, ग्रिप बदला. घरात भाजी चिरताना, ट्राममध्ये, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे डेलानो. एकदा मी वैतागून म्हटलं, “मला काय सांगतोस? कोचला सांग!”

हा खरंच गेला. कोचने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. डच लोक ऐकतात बरं का, अगदी मन लावून. मग म्हणाला, “तुम्हाला क्लबबद्दल इतकी तळमळ आहे, फार छान. रविवारी अकरा वाजता या.”

अभिजित तरंगतच घरी आला. “मला बोलावलंय. बहुतेक डावपेचांसाठी!” रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

दुपारी मी आणि इरा पोचलो तर हा काउंटरमागे उभा, अंगाला एप्रन, चेहऱ्यावर पीठ, बिटरबालन, म्हणजे इथले खिम्याचे गोळे, तळतोय. इथल्या क्लबांत मत दिलं की ड्युटी लागते! त्यातून पहिली खेप कोळसा झाली होती, आणि रांगेत पहिला नंबर डेलानोचा.

डेलानोने प्लेटकडे बघितलं, अभिजितकडे बघितलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “होतं असं. पुढची बॅच नीट जाईल.”

*

सीझनची शेवटची मॅच. हरलो तर टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार. शिवाय डेलानोने इतरांना सांगून टाकलं होतं, आज जमलं नाही तर खेळणं बंद. अभिजितने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तो आणि विम मागे वरच्या बाकावर बसले. मागे वारा लागतो म्हणून मी नेहमीसारखी खाली, जाळीला लागून, पिचरच्या अगदी समोर.

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने पुढे. समोरच्यांचे दोघे आऊट, तिसरा आऊट झाला की मॅच आमची. आणि डेलानो आला. या वेळी कुणी उभं राहिलं नाही. वर बघितलं तर अभिजितने डोकं गुडघ्यात घातलेलं.

पहिला बॅटर आला, बॅट ठेवली, चालत गेला. मी दर वेळेसारख्या टाळ्या वाजवल्या. दुसरा गेला. मी आणखी जोरात वाजवल्या. तिसराही गेला! मी उभी राहून ओरडले, “शाब्बास, डेलानो!” त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. खांदे सैल सोडले.

मग चौथ्या बॅटरला तीन बॉल असे टाकले, की त्याला बॅट फिरवूनही एकही लागला नाही. तीन स्ट्राइक, आऊट! मैदान वेडं झालं! लोक जाळ्यांवर चढले. विम आणि अभिजित एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, डच आणि मराठीत.

डेलानो मात्र सगळ्यांना बाजूला करत जाळीपाशी आला आणि तो शेवटचा बॉल माझ्या हातात ठेवला.

“हा तुमचा,” तो म्हणाला. “सीझनभर माझे बॉल बाहेर गेले की हे सगळं मैदान माझ्यावर ओरडायचं. तुम्ही एकट्या दर वेळी हसून टाळ्या वाजवायच्यात. आज मी फक्त तुमच्याकडे बघून टाकलं.”

मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी जाताना सिग्नलला सायकली थांबवल्या. अभिजितचे डोळे अजून ओले होते. म्हणाला, “सुखदा, मी त्याचा एवढा मोठा फॅन, पण मला नाही जमलं गं हे. तुला कसं सुचलं?”

“काय कसं सुचलं?”

“बॅटर फुकटात बेसवर गेला तरी टाळ्या वाजवायचं!”

“फुकटात? अरे, बॅट टाकून चालायला लागला म्हणजे आऊट झाला ना? आऊट झालेल्यांना त्या पांढऱ्या पिशवीवर उभं करतात!”

सिग्नल हिरवा झाला. मागून सायकलींच्या घंट्या वाजायला लागल्या. अभिजित जागचा हलेना!