लीक सापडल्याशिवाय गॅस नाही

फ्रिजच्या मागे धूळ साचते, तसे मेकॅनिककडे किस्से साचतात. कोणी मुद्दाम जमवत नाही, फ्रिज ओढला की निघतात! वर्ध्यात प्रभाकरभाऊंच्या फ्रिज-एसी रिपेअरिंगच्या दुकानात माझी सतरा वर्षं गेली. पण यंदाच्या उन्हाळ्याची गोष्टच न्यारी.

भाऊ दोन दिवस नागपूरला ट्रेनिंगले गेलते. तिथल्या सरांनी विचारलं, एकाच एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरता, मग आधीचा जातो कुठे? भाऊंनी प्रामाणिकपणे वर बोट दाखवलं.

सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही एसीत नाही, आभाळात गॅस भरता. मग तेच आभाळ तापलं, की लोक आणखी एसी घेतात."

भाऊंच्या मनाला ते फारच लागलं. आल्याआल्या पाटी रंगवली: 'लीक सापडल्याशिवाय गॅस भरून मिळणार नाही.' पाटीखाली स्टूल ठेवलं, कारण लीक शोधून, जोड पक्का करून गॅस भरायचा म्हणजे तीन तास. गिऱ्हाइकाने बसावं कुठे?

समोरच्या रिपेअरिंगवाल्या शंकररावांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या दुकानावर पाटी लावली: 'गॅस दहा मिनिटांत!' आमची गिऱ्हाइकं आमची पाटी वाचायची आणि रस्ता ओलांडायची. मी पार वैतागलो. ऐन सीझनमध्ये आम्ही दोघं रिकाम्या स्टुलाकडे पाहत बसलेलो!

भाऊ म्हणाले, "मे संपेपर्यंत थांब. तोवर या स्टुलावर कोणी नाई बसलं, तर पाटी मीच पुसतो."

*

बोरगाव मेघेच्या एका काकूंनी घरी बोलावलं. भाऊंनी वाटीत शाम्पूचा फेस केला आणि ब्रशने फ्रिजच्या नळ्यांना लावू लागले. लीक असला की तिथे बुडबुडा येतो. काकू कौतुकाने पाहत होत्या. मग आतून घासणी घेऊन आल्या. एवढं करूनच राह्यले, तर बाजूनंही हात मारा म्हणाल्या!

भाऊंना नाही म्हणता येत नाही. तासाभराने लीक सापडला. फ्रिज मुळात पांढरा आहे, हेही सापडलं.

*

एक रिटायर्ड गुरुजी फ्रिज घेऊन आले. गॅस आपोआप गेला म्हणे. बर्फ काढायला काही टोकदार तर नाही ना वापरलं, असं भाऊंनी तीनदा विचारलं. गुरुजी तिन्ही वेळा रागावले.

मी फ्रीजर उघडला. बर्फात मुठीपर्यंत रुतलेला पेचकस उभा होता.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "तो फ्रिजसोबतच आलता."

मग शंकररावांकडे गेले. तिथे बरं, कोणी काही विचारत नाही.

*

एका कचेरीतला जुना एसी काढायचा होता. भाऊंनी आतला गॅस हवेत न सोडता सिलेंडरमध्ये ओढायला घेतला, तर शिपाई आडवा आला. सरकारी गॅस कुठे नेता? भाऊ म्हणाले, आजवर सगळे हवेतच सोडत होते, तेव्हा काऊन नाही अडवलं?

शिपाई म्हणाला, "सोडणं म्हणजे सोडणं. नेणं म्हणजे चोरी."

शेवटी भाऊंनी अर्ज लिहिला. विषय: गॅस वाया न घालवण्याची परवानगी मिळण्याबाबत. नवा एसी लागेना म्हणून साहेब घामाने ओले झाले, तेव्हा कुठे सही झाली.

*

मेचा शेवटचा दिवस. भाऊंनी पाटी पुसायला चिंधी काढून ठेवलेली. खरं सांगतो, मला पाटी नको होती, पण ती चिंधी मीच हळूच हत्यारांच्या पेटीत दडवली.

दुपारी एक माणूस ऑटोत फ्रिज घालून आला. तोंडाला दुपट्टा, वर काळा चष्मा. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच असे हिंडतात, पण हा आत आला तरी दुपट्टा सोडेना. बोलेचना, नुसती मान हलवायचा.

भाऊंनी फ्रिज फिरवला. गॅस भरायची नळी चार वेळा कापून जोडलेली होती. म्हणजे चारदा गॅस भरला, आणि लीक एकदाही शोधला नाही. भाऊंनी त्या माणसाच्या चपलांकडे पाहिलं, रस्त्यापलीकडच्या बंद शटरकडे पाहिलं आणि फेस करायला घेतला.

दुपट्ट्याआडून बारीक आवाज आला, "किती वेळ लागन?"

भाऊ मान वर न करता म्हणाले, "तुमच्याकडे दहा मिनिटं. आमच्याकडे तीन तास."

 तो माणूस पाटीखालचं स्टूल ओढून त्यावर बसला.