प्रथमोपचाराचा सराव

महाडच्या हायस्कुलात आरोग्य हा विषय शिकवायला ज्या मास्तरांची निवड झाली, त्यांना रक्त पाहिले की भोवळ येत असे. ते मास्तर म्हणजे मी.

हेडमास्तरांना हे सांगायचा धीर झाला नाही. आंबेनळीचा घाट चढून मी पुण्याला प्रथमोपचाराच्या शिक्षणासाठी गेलो, अंगातली सगळी हाडे पाठ केली आणि दिवाळीच्या सुट्टीत पट्ट्यांचे गाठोडे घेऊन पोलादपुराजवळच्या आमच्या वाडीत सरावाला आलो.

रोगी कोण? वडील! (दुसरे कुणी तयारच होईना.) त्यांचा हात मोडला असे धरले, मग पाय, मग जबडा. तासाभरात माझ्याजवळ एकही पट्टी उरली नाही आणि वडिलांचे फक्त डोळे उघडे राहिले!

एवढ्यात घरामागून आईची किंकाळी आली. गवत कापताना विळा पोटरीत घुसला होता. मी धावलो. रक्त थांबत नव्हते.

"रक्तस्राव तीन प्रकारचा असतो," मी म्हणालो. खरोखर म्हणालो!

"परकार मागनं सांग रे! आधी कायतरी बांद!"

पट्टी आणायला वडिलांकडे पळालो. माझ्याच गाठी, सुटतील तर शपथ! ते नुसते "ऊं ऊं" करत होते. रिकाम्या हातांनी परत आलो, आईचा पांढराफटक चेहरा पाहिला, लाल झालेली माती पाहिली आणि तिच्या शेजारीच आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा माझी बायको यमुना लुगड्याचा पदर फाडून, आईची पोटरी आवळून, पाय उंच धरून बसली होती. तिने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते.

"उठा. डोलीला माणसं बघा," एवढेच ती म्हणाली.

(वडिलांना शेजाऱ्यांनी त्याच विळ्याने सोडवले.)

महाडपर्यंत मी डोलीतल्या आईचा हात धरून चाललो. हात गार पडत चालला होता आणि पाठ केलेले एक अक्षर आठवत नव्हते. देवाचे नावसुद्धा नाही.

जखम शिवून डॉक्टर म्हणाले, "वेळेवर बांधलंत म्हणून वाचल्या. शिक्षण कामी आलं, मास्तर!"

मी मान डोलावली. (इथे बोलायला हवे होते.)

"सुनंनं बांदलं," आई डोळे मिटूनच म्हणाली. "ह्यो माज्या शेजारी निजला व्हता."

पुढे पुण्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी विचारले, "समोर माणूस रक्तबंबाळ पडलाय. सगळ्यात आधी काय कराल?"

पुस्तकातले उत्तर मला तोंडपाठ होते. पण तोंडातून खरे तेच निघून गेले,

"बायकोला हाक मारीन!"