चेअरमनांचं बटण

यास्मिननं बटण दुसऱ्यांदा दाबलं आणि यार्डातले सगळे ट्रॅक्टर गायब झाले.

सुदैवानं यार्ड आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसातल्या स्क्रीनवरचं होतं. एका साखर कारखान्यासाठी आम्ही नंबर लावायचं अॅप केलं होतं. उसाचा ट्रॅक्टर आला की गेटवर नोंद करायची. ऊस मोजायच्या वजनकाट्यावर जायची पाळी आली की मोबाइलवर मेसेज येणार. तोवर ड्रायव्हरनं खुशाल ट्रॉलीखाली झोपावं.

हंगाम ऐन भरात होता, आणि शुक्रवारी चेअरमन व्यासपीठावर बटण दाबून अॅप सुरू करणार होते. बटण दाबलं की चाचणीच्या नोंदी पुसल्या जाऊन नंबर एकपासून सुरू होत. दुसऱ्यांदा दाबलं तरी तेच. फक्त या वेळी पुसलेल्या नोंदी खऱ्या ट्रॅक्टरांच्या असणार, आणि सकाळपासून थांबलेला माणूस परत रांगेच्या शेवटी जाणार.

यास्मिन आमची टेस्टर. लोक शहाण्यासारखे वागणार नाहीत, असं गृहीत धरून चालणं ही तिची नोकरी.

"दोनदा कोण दाबतंय?" आमचे मालक शिंदे सर म्हणाले. "चेअरमन हायत ते. लिफ्टची वाट बघत उभं न्हाईत."

"सर, मग बटण सॉफ्टवेअरला जोडायचंच नाही," यास्मिन म्हणाली. "नुसता पडद्यावर झेंडूचा पाऊस पाडू."

मला ते पटलं. तयार सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणणं, याला आम्ही डिप्लॉय म्हणतो. ते गाजावाजा न करता करावं, थोड्या लोकांपासून सुरुवात करावी आणि जुनी पद्धत हाताशी ठेवावी. मी सरांना सुचवलं, मंगळवारीच एका गेटवर सुरू करू. कागदी चिठ्ठ्याही चालू ठेवू.

"आणि शुक्रवारी खोटं बटण? चेअरमनना फसवायचं?"

"सर, फीत कापून पुलाचं उद्घाटन होतं. पूल काही फितीवर उभा नसतो."

शेवटी सर म्हणाले, "करा. पर त्यांना कळता कामा न्हाई. कळलं तर पुढच्या हंगामाचं काम गेलं, आणि आपलं निम्मं ऑफिस त्या कामावर चालतंय."

मंगळवारी अॅप सुरू झालं आणि तासाभरात काटा रिकामा पडला. मेसेज व्यवस्थित जात होते, पण ट्रॅक्टरच्या मालकांना. कारखान्याच्या नोंदीत त्यांचेच मोबाइल नंबर होते. मालक कुरुंदवाडला घरी चहा पिताना वाचत होते, 'काट्यावर या.' ड्रायव्हर ट्रॉलीखाली निवांत झोपलेले. चिठ्ठ्या होत्या म्हणून काम भागलं. दुपारपर्यंत आम्ही गेटवर ड्रायव्हरचा नंबर विचारून घेण्याची सोय केली. गुरुवारपर्यंत सगळी गेटं अॅपवर आली.

शुक्रवारी चेअरमननी बटण दाबलं. पडद्यावर झेंडू पडला.

"साहेब, जरा हिकडं बघून परत एकदा," फोटोग्राफर म्हणाला. त्यांनी परत दाबलं. मग व्हाइस चेअरमननी. मग सगळ्या संचालकांनी, आपापल्या फोटोसाठी, एकेक करून. एकांनी चष्मा काढून पुन्हा दाबलं. प्रत्येक वेळी झेंडू. बाहेर ट्रॅक्टर आपापल्या नंबरानं काट्यावर जात होते.

शिंदे सर माझ्याकडे झुकले. "मॅडम, हे खरं बटण असतं तर?"

"गेटवर आपल्याला उसानं हाणलं असतं, सर."

चेअरमन भाषणाला उभे राहिले. "आत्ताच बटण दाबलं आणि या क्षणापासून आपला कारखाना डिजिटल झाला."

मागून एक ड्रायव्हर उठला. "साहेब, मी मंगळवारीच ह्याच्यावर नंबर लावून ऊस खाली करून गेलतो की."

मंडपातल्या माना त्याच्याकडे वळल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मंडपाचं कापड न्याहाळायला लागले. चेअरमननी खाली पाहिलं, आमच्या रांगेकडे पाहिलं आणि माइक जवळ ओढला.

"बघा मंडळी. आपला कारखाना उद्घाटनाची वाट बघत बसत न्हाई."

टाळ्या थांबेनात. सरांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या.

पुढच्या हंगामाचं काम आम्हालाच मिळालं. ऑफिसात तेवढा एक नियम झाला: ज्या दिवशी हारतुरे येणार, त्या दिवशी कोडला कुणी हात लावायचा नाही.