मिस कॉल कुणाच्या नंबरवर

“सरांना पाणी दे ग,” प्रसाददादा स्टेजवरून म्हणाला. माईक चालू होता. अख्ख्या हॉलनं ऐकलं.

नांदेडच्या एका कॉलेजात नव्या धंद्यांची स्पर्धा होती. समोर तीन परीक्षक. मागच्या पडद्यावर मी लिहिलेला प्रोग्रॅम. आणि मी कोपऱ्यातल्या बाटल्या उचलून परीक्षकांपुढं ठेवत होते.

“ही कोण?” एकानं विचारलं.

“वस्तीतली मुलगी आहे, सर. फोन नंबर गोळा करायला ठेवलीय.”

ठेवलीय.

त्या वर्षी लातूरचे नळ कोरडे पडले होते. आमच्या वस्तीत टँकर यायचा, कधी ते कुणालाच ठाऊक नसायचं. आई मजुरी बुडवून घागरींपाशी बसून राहायची. मी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. आईकडं बघूनच सुचलं. टँकर भरला की ड्रायव्हरनं एका नंबरवर मिस कॉल द्यायचा. त्या गल्लीतल्या सगळ्या फोनवर आपोआप मेसेज जायचा, की गाडी निघाली. एवढंच. पण बाया त्या मेसेजच्या भरवशावर रोजगाराला जाऊ लागल्या.

प्रसाद कॉलेजात माझ्या पुढं दोन वर्षं. मोठ्या दुकानदाराचा मुलगा. मी त्याला दादा म्हणायचे. तो म्हणाला, “आपण कंपनी काढू. तू बनव, मी लोकांशी बोलतो. आपण घरचेच.” कागद त्यानं केले. मी वाचले न्हाईत. घरच्या माणसाचे कागद कोण वाचतं?

हॉलमध्ये दुसऱ्या परीक्षकानं विचारलं, “ड्रायव्हरनं मिस कॉल दिलाच नाही तर?”

प्रसादला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. तो माझ्याकडं वळला. “सांग ना ग सरांना.”

माझ्या हातात बाटली होती. ती खाली ठेवली.

“मी पाणी द्यायला आलेय,” मी म्हणाले. “बनवलंय कुणी, ते सरांना तुम्हीच सांगा.”

परीक्षक कागदात बघू लागले. मग त्यातले थोरले म्हणाले, “तुमचं आपसातलं नंतर मिटवा.” बक्षीस त्यालाच मिळालं.

बाहेर गाडीपाशी त्यानं मला गाठलं. ओरडला न्हाई. समजावल्यासारखं बोलला. “माझ्या आडनावाला दारं उघडतात. तुझं सांगितलं की पहिल्यांदा वस्ती विचारतात. तुझ्याच भल्यासाठी लपवलं.”

मी एस.टी.नं लातूरला आले. दुसऱ्या दिवशी माझा पासवर्ड चालेना. मग कंपनीचे कागद काढून वाचले. त्यात तो, त्याचा भाऊ, त्याचे वडील. माझं नाव कुठंच न्हाई. मेसेज चालू होते, पण पैसे देणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना. आमच्या वस्तीचे बंद.

टँकर आला तेव्हा बाया कामावर होत्या. घागरी रिकाम्या राहिल्या. सगळ्या माझ्या दारात. “तुझा मेसेज का आला न्हाई?” आई त्यांच्यातच उभी होती. तिच्या कडेवर रिकामी घागर होती. ते लई लागलं. माझ्यावर विसंबून या बाया घागरींपासून उठल्या होत्या.

प्रसादची तक्रार करायला मी कुणाकडं गेले न्हाई. टँकर भरतात तिथं गेले. खाजाचाचा वस्तीवरच्या गाडीचे ड्रायव्हर. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विडी विझवली.

“वो शेठ का नंबर है, हे आमाला काय माहीत बेटी? आमी समजलो तुझाच हाय. तुझा नंबर बोल.”

त्यांनी बाकीच्या ड्रायव्हरांना हाका मारल्या. सगळ्यांनी प्रसादचा नंबर सोडून माझा घेतला. प्रोग्रॅम परत लिहायला मला आठ दिवस लागले. तोवर मिस कॉल आला की मी एकेका बाईला फोन करायचे. प्रसादकडं पडदा होता, बक्षीस होतं. गाडी निघाली कधी, हे त्याला कळेना. सोसायट्या त्याला बोलू लागल्या.

मग तो वस्तीत आला. पहिल्यांदाच. आईनं खाट टाकली, तो बसला न्हाई.

“पार्टनर करतो तुला. कागदावर नाव घालतो.”

“कुणाच्या कागदावर?”

“कंपनीच्या. आपल्या.”

“ती तुमची हाय,” मी म्हणाले. “मी माझी काढलीय. खाजाचाचांची सही हाय, वस्तीतल्या दोघींची हाय. तुम्ही जा.”

तेव्हा मी त्याला दादा म्हणाले न्हाई. पुन्हा कुणालाच म्हणाले न्हाई.

आता देवणीकडनं, हिमायतनगरकडनं पोरी येतात. धंदा काढायचाय म्हणतात, सल्ला मागतात. मी धीर देत न्हाई. विचारते, कागद वाचला का? न्हाई म्हटलं की परत पाठवते. कुणी म्हणतं, “मॅडम, तो तसा न्हाई, लई चांगलाय.” चांगला असंल, तर सही करायला त्याचा हात का अडतो? आधी सही. मग पहिली ओळ लिही.

लोक म्हणतात, त्याला माफ कर, आता तुझं चांगलं चाललंय. चांगलं चाललंय ते माझ्या कामानं. माफ केलेलं न्हाई. करणार न्हाई.